यंत्र मुंबईत, कागद डोंबिवलीत

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

आपल्याकडच्या माणसाचे घर आणि त्याचे काम यांची ताटातूट फार जुनी आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी आली आणि पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, ती कल्याणपर्यंत पोहोचली. त्या रुळांनी पुढे या गावांचे नशीबच ठरवून टाकले. पोट मुंबईत भरायचे आणि पाठ ठाणे-डोंबिवली-कल्याणात टेकायची, असा संसार आपल्या कित्येक पिढ्यांनी केला. मध्ये ३४ ते ५४ किलोमीटरचे अंतर, आणि ते रोज दोन वेळा कापायचे.

संगणकाने हे अंतर पुसून टाकण्याचे वचन दिले आहे. घरातल्या टेबलाशी बसून मुंबईतल्या कचेरीतील संगणक जणू आपल्यासमोरच आहे अशा रीतीने चालवता येतो. या सोयीला रिमोट डेस्कटॉप म्हणतात. तिच्यावर काम करणारी माणसे आज आपल्या गल्लीगल्लीत आहेत. त्यांतले बहुतेक जण तक्रार करतात ती एकाच गोष्टीची. सगळे काम घरून होते, पण कागद छापायची वेळ आली की घोडे पेंड खाते. दिसते तिकडचे, हातात मात्र इकडे काही येत नाही.

विषय किरकोळ आहे, असे वाचकांना वाटेल. वार्षिकांकात कविता असाव्यात, प्रवासवर्णन असावे, एखादा वैचारिक लेख असावा. त्या पंगतीत हा प्रिंटर कोण आगंतुक? परंतु एखादी व्यवस्था माणसाला कसे वागवते, हे तिच्या मोठमोठ्या घोषणांतून कळत नाही. ते अशा बारीकसारीक ठिकाणीच कळते. घरी काम करणाऱ्या माणसाला एक पान छापू द्यायचे की नाही, या प्रश्नात विश्वास कोणावर ठेवायचा, जोखीम कोणी घ्यायची आणि खर्च कोणी सोसायचा हे तिन्ही प्रश्न दडलेले आहेत. म्हणून त्यावर लिहावे असे मला वाटले.

प्रथम हे यंत्र चालते कसे ते थोडक्यात पाहू. आपल्या पडद्यावर जे दिसते ते त्या दूरच्या संगणकाच्या पडद्याचे चित्र असते. आपण कळ दाबली की ती दाबल्याची वर्दी तिकडे जाते. बेरीज तिकडे होते, पत्र तिकडे लिहिले जाते आणि फाइलही तिकडेच राहते. आपल्या घरच्या यंत्रात काहीही उतरत नाही, आणि यातच या पद्धतीची सुरक्षितता आहे. शिवाय ही सगळी ये-जा सांकेतिक रूपात होते. वाटेत कोणी कान लावला, तरी त्याला अर्थबोध होऊ नये अशी योजना असते.

पण आपण ‘छापा’ म्हटले की दूरच्या संगणकाची पंचाईत होते. त्याच्या लेखी प्रिंटर म्हणजे त्याच्या शेजारचा प्रिंटर. कागद मुंबईच्या रिकाम्या कचेरीत बाहेर पडणार आणि आपण डोंबिवलीत वाट पाहत बसणार! म्हणून इकडच्या प्रिंटरची तिकडच्या संगणकाशी ओळख करून द्यावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज २००० बरोबर ही सोय आली. मात्र प्रत्येक प्रिंटरची बोली निराळी असते आणि ती समजणारी ड्रायव्हर नावाची आज्ञावली त्या वेळी दूरच्या संगणकावरही असावी लागे. शंभर जणांच्या घरी शंभर तऱ्हेचे प्रिंटर असले, तर मुख्य संगणकाने शंभर बोली शिकायच्या, असा तो मामला होता. विंडोज सर्व्हर २००८ मध्ये ‘ईझी प्रिंट’ नावाची युक्ती आली. दूरच्या संगणकाने पान एका ठरावीक साच्यात तयार करायचे आणि त्याच सुरक्षित वाटेने घरच्या संगणकाकडे धाडायचे. घरच्या संगणकाने मग ते आपल्या प्रिंटरच्या बोलीत उतरवून घ्यायचे. थोडक्यात, दुभाष्याचे काम घराकडे आले.

तेव्हा तंत्राची अडचण सुटून बरीच वर्षे लोटली आहेत. जोडणी करताना ‘लोकल रिसोर्सेस’ या सदरात प्रिंटरच्या चौकटीवर खूण करायची, आणि कचेरीच्या व्यवस्थापकाने तिकडून बंदी घातलेली नसावी, एवढे झाले की पान घरात छापले जाते. उरला प्रश्न तो फक्त परवानगीचा. परवानगी देणे न देणे मात्र यंत्राच्या हाती नसते. ते माणसांच्या हाती असते.

परवानगी द्यायला माणसे कचरतात याचे कारण उघड आहे. तारेतून येईपर्यंत मजकूर कुलपात असतो, पण कागदावर उमटला की तो सगळ्या जगाला उघडा होतो. कागदाला सांकेतिक शब्द नसतो. तो टेबलावर राहील, दप्तरात जाईल, रद्दीत जाईल. भेळेच्या पुडीवर कोणाच्या तरी पगाराचा तक्ता किंवा कोणाची तरी गुणपत्रिका वाचलेली नाही, असा माणूस आपल्या भागात शोधूनही सापडायचा नाही. तेव्हा ही भीती खोटी आहे, असे कोणी म्हणू नये.

पण मग यंत्र दूर आणि कागद जवळ ही गोष्ट आपल्याकडे कोणी हाताळलेलीच नाही काय? तसे मुळीच नाही. ती आपण रोज पाहतो, फक्त तिच्याकडे या दृष्टीने पाहत नाही.

कल्याण स्थानकावरची आरक्षणाची खिडकी घ्या. तिकीट देणाऱ्या कारकुनाच्या टेबलावरच्या यंत्रात आपली जागा नोंदलेली नसते. रेल्वेचे संगणकीय आरक्षण १९८० च्या दशकाच्या मध्यास दिल्लीत सुरू झाले आणि मग इतर महानगरांत पसरले. तेव्हापासून नोंद मध्यवर्ती संगणकात होते आणि छपाई खिडकीत होते. रेल्वेने ही जोखीम कशी पेलली? तिकिटाचा कोरा कागदच आधी क्रमांक घालून छापलेला असतो आणि त्याचा पै-पैसारखा हिशेब कारकुनाला द्यावा लागतो. एक तिकीट वाया गेले तरी ते रद्द म्हणून दाखवावे लागते.

बँकेचे पासबुक घ्या. खात्याचा हिशेब बँकेच्या मध्यवर्ती संगणकात असतो, पण तो आपल्या पुस्तकात उमटतो तो डोंबिवलीच्या शाखेतल्या प्रिंटरवर. तिथे अट अशी, की पुस्तक खातेदाराचे आणि छापलेली ओळही खातेदाराचीच. ज्याचा मजकूर, त्याच्याच हाती कागद.

सातबाऱ्याचे उदाहरण तर फारच बोलके आहे. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. १५ रुपये भरून तो कोणीही घ्यावा आणि कोणत्याही प्रिंटरवर छापावा. पूर्वी खरेपणा तलाठ्याच्या सहीत आणि शिक्क्यात होता. आता तो त्या उताऱ्यावरील पडताळणी क्रमांकात आहे. कोणी खाडाखोड करून खोटा उतारा पुढे केला, तर क्रमांक घालून ताडून पाहता येते. कागद कुठे छापला, हा प्रश्नच इथे निकालात निघाला.

आणि चौथे उदाहरण आपल्या सर्वांच्या काळजाजवळचे! मुंबई विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिका परीक्षेच्या आधी थोडा वेळ इंटरनेटवरून महाविद्यालयांकडे येतात आणि महाविद्यालयातल्याच प्रिंटरवर छापल्या जातात. मित्रहो, याहून गुप्त कागद तुमच्या-माझ्या आयुष्यात दुसरा कोणता? तरीही विद्यापीठाने तो ठाण्या-कल्याणच्या प्रिंटरच्या हवाली केला. अर्थात तो मोकळा सोडलेला नाही. ठरलेली वेळ, नेमलेली माणसे आणि कागद कोणत्या केंद्रावर छापला ते सांगणारी खूण, असा त्याला तिहेरी बंदोबस्त आहे. या पद्धतीतही प्रश्नपत्रिका मोबाइलवरून फुटल्याचे प्रकार घडले आहेत, हे खरे. पण खूण असल्यामुळे चोराचा माग काढायला वाट राहते, आणि म्हणून कोणी छपाईच बंद केलेली नाही.

या चारही ठिकाणी एक सूत्र समान आहे. कागद हातून निसटू शकतो हे प्रत्येकाने मान्य केले, आणि छपाई थांबवण्याऐवजी तिला अट घातली. कोणी क्रमांकाची, कोणी हक्काच्या माणसाची, कोणी पडताळणीची, कोणी खुणेची. आपल्या इतिहासातही हेच दिसते. शिवकालीन पत्राच्या शेवटी मोर्तब करीत, म्हणजे त्याखाली कोणाला एक ओळही वाढवता येऊ नये. पत्र तर पाठवायचेच होते. ते सुखरूप आणि खरे पोहोचावे यासाठी ही तजवीज होती.

आता आपल्या घरांकडे येऊ. मार्च २०२० मध्ये लोकल थांबली. जून २०२० मध्ये ती अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी सुरू झाली. सर्वसामान्य प्रवाशाला फेब्रुवारी २०२१ पर्यंत थांबावे लागले, आणि तेव्हाही ठरावीक वेळांतच प्रवेश होता. त्या काळात ज्यांचे काम टेबलावरचे होते त्यांच्या घरी रातोरात कचेरी आली. पुढे गाड्या पूर्ववत झाल्या, पण पुष्कळ ठिकाणी आठवड्यातले काही दिवस घरून काम ही पद्धत टिकून राहिली. मात्र ‘घरून छपाई’ हा अपवादच राहिला. ज्या दिवशी कागद लागतो त्या दिवशी पुन्हा फलाट गाठावा लागतो.

माझ्या थोरल्या बहिणीचेच पाहा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. ताई बारावीला थांबली, टायपिंग आणि संगणकाचा वर्ग करून कामाला लागली. मालवाहतुकीचे काम करणाऱ्या मुंबईतल्या एका कचेरीचा ती घरून हिशेब ठेवते. कचेरीचे गोदाम भिवंडीला आहे. म्हणजे माल भिवंडीत, कारकून डोंबिवलीत आणि संगणक मुंबईत! दर महिन्याला मालाची मोजणी होते. तिची यादी कागदावर लागते, कारण गोदामातला माणूस हातात यादी धरून, पेनने खुणा करत रांगेरांगेतून फिरतो. यादी ताईच तयार करते, पण तिला ती छापता येत नाही. घरी छपाई बंद, असा कचेरीचा नियम आहे. मग चार पाने आणायला तिने डोंबिवलीहून मुंबईला जावे, तिथून परतावे आणि पाने भिवंडीला पोहोचवावीत. घरचा प्रिंटर मात्र टेबलावर झाकून ठेवलेला.

हा नियम सुरक्षिततेसाठी आहे, असे तिला सांगितले जाते. आता सुरक्षिततेचे पुढे काय होते तेही पाहा. दोन महिने ताईने ही वारी केली. तिसऱ्या महिन्यात तिच्या एका सहकाऱ्याने पडद्यावरच्या यादीचे मोबाइलने फोटो काढले आणि व्हॉट्सॲपवर पाठवले. ते फोटो स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या फोनवर गेले, तिथून दुकानातल्या संगणकावर आणि तिथून कागदावर. यादी छापली गेलीच! पण सुरक्षित वाटेने एका घरात येण्याऐवजी ती तीन फोन आणि एक परका संगणक फिरून आली. त्या दुकानातल्या संगणकावर ते फोटो अजून असतील की नसतील, कोण जाणे. कचेरीच्या नोंदवहीत मात्र ‘घरून एकही पान छापले गेले नाही’ अशीच नोंद असणार.

माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीत आहे. गरजेच्या कागदाची सरळ वाट बंद केली, तर कागद थांबत नाही. तो आडवाटेने जातो, आणि आडवाटेवर पहारा नसतो. सरसकट बंदीमुळे छपाई कमी झाली की नाही, हे सांगणे कठीण आहे. ती दिसेनाशी झाली एवढे मात्र नक्की. आणि न दिसणारी जोखीम ही दिसणाऱ्या जोखमीपेक्षा केव्हाही वाईट.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे मी टाळू इच्छित नाही. संगणकाची व्यवस्था पाहणारी मंडळी हट्टी असतात असा आपला समज आहे, पण त्यांनी हात पोळून घेतलेले आहेत. मे २०१९ मध्ये विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांतील रिमोट डेस्कटॉपमध्ये ‘ब्लूकीप’ नावाची मोठी त्रुटी उघडकीस आली. संगणक इंटरनेटवर उघडा ठेवला असेल, तर कोणाचाही सांकेतिक शब्द माहीत नसताना त्यात शिरकाव करता येईल, अशी ती त्रुटी होती. २०२१ च्या जून-जुलैमध्ये तर खुद्द विंडोजच्या छपाई सांभाळणाऱ्या भागातच ‘प्रिंटनाइटमेअर’ ही त्रुटी सापडली आणि मायक्रोसॉफ्टला नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर जाऊन दुरुस्ती पाठवावी लागली. तेव्हा दूरची जोडणी आणि छपाई या दोन्ही गोष्टींकडे ही मंडळी संशयाने पाहत असतील, तर त्यांना दोष देता येत नाही. पण यावर उपाय आहेत. जोडणी खाजगी सुरक्षित वाटेनेच करणे, दुरुस्त्या वेळच्या वेळी बसवणे, सांकेतिक शब्दाबरोबर फोनवर येणारा दुसरा आकडाही मागणे, हे उपाय सर्वांना ठाऊक आहेत. दारातून चोर येऊ शकतो म्हणून कोणी दार चिणून टाकत नाही, चांगले कुलूप लावतो.

आणखी एक आक्षेप आपल्याच घरातून येतो आणि तो अधिक अवघड आहे. आमची खोली दहा बाय बाराची. तिच्यात पाच माणसे, एक पलंग, एक टेबल. कुलपाचे कपाट एकच आणि त्यात आईचे मंगळसूत्र, रेशनकार्ड आणि माझी प्रमाणपत्रे. अशा घरात एखाद्या रुग्णालयातल्या रुग्णांचे अहवाल किंवा बँकेच्या कर्जदारांच्या याद्या छापून ठेवाव्यात काय? माझे उत्तर स्पष्ट नाही असे आहे. ज्यांची नावे त्या कागदावर आहेत त्यांनी आपला मजकूर आमच्या टेबलावर यावा म्हणून कचेरीला दिलेला नाही. २०२३ साली आपल्या संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, तो याच जाणिवेतून. गरिबाच्या घरात जागा नाही हा त्याचा गुन्हा नव्हे, पण तिऱ्हाइताच्या माहितीची राखण करण्याचा बोजाही त्याच्या एका खोलीवर टाकू नये.

म्हणूनच सरसकट बंदी जशी चूक, तशी सरसकट मोकळीकही चूक. निवड कागदाची हवी. गोदामातल्या खोक्यांची यादी आणि रुग्णाचा अहवाल यांना एकाच तागडीत तोलणे म्हणजे विचार करण्याचे कष्ट टाळणे होय.

मग करावे काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे काही सूचना मांडतो.

पहिली गोष्ट, कोणता कागद घरी छापायचा, कोणता कचेरीतच छापायचा आणि कोणता छापायचाच नाही, हे प्रत्येक कचेरीने कामाआधी ठरवून लिहून ठेवावे. ज्यात कोणाचे नाव, आजार, खाते वा आधार क्रमांक आहे, तो कागद घरी छापू नये. बाकीच्यांसाठी दार उघडावे.

दुसरी गोष्ट, घरी छापलेल्या प्रत्येक पानावर छापणाऱ्याचे नाव, तारीख आणि वेळ उमटावी, आणि त्याची नोंद मुख्य संगणकात राहावी. प्रश्नपत्रिकेला जी खूण चालते ती खोक्यांच्या यादीला न चालायला काय झाले? अशी खूण असली की प्रामाणिक माणसाला संरक्षण मिळते आणि लबाड माणसाला धाक बसतो.

तिसरी गोष्ट, खर्चाची. घरून काम सुरू झाल्यापासून कचेरीची जागा, वीज, पंखा, चहा हे सगळे कितीतरी कचेऱ्यांचे वाचले. तो भार घरावर आला. त्यात प्रिंटर, शाई आणि कागद यांची भर पडू नये. कागद कचेरीच्या कामाचा, तर शाईही कचेरीच्या पैशाची. आणि काम संपल्यावर ती पाने फाडून नष्ट करायची की परत द्यायची, हेही कचेरीनेच सांगावे. नाहीतर त्यांची वाट पुन्हा रद्दीच्या दुकानाकडेच आहे.

चौथी गोष्ट, ज्यांच्या घरी जागा नाही आणि ज्यांचा कागद नाजूक आहे त्यांच्यासाठी मधला मार्ग काढता येईल. आज असे प्रिंटर आहेत, की दूरवरून आज्ञा दिली तरी आपण स्वतः तिथे जाऊन आकडा दाबेपर्यंत कागद बाहेर येत नाही. ठाणे, डोंबिवली, कल्याण इथे अशा छपाईची विश्वासाची ठिकाणे का असू नयेत? कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने या शतकाच्या आरंभीच संगणकीय कारभार आणि नागरी सुविधा केंद्राचा प्रयोग केला, आणि तो राज्यातल्या इतर नगरपालिकांपुढे नमुना म्हणून ठेवला गेला. त्याच गावाला हे अशक्य नाही. सार्वजनिक ग्रंथालयांनाही हे काम शोभेल. स्टेशनापर्यंत चालत जाऊन कागद घेणे आणि कागदासाठी गाडीत चढणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गाडीचा उल्लेख मी सहज केलेला नाही. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळ धावत्या लोकलच्या दारातून प्रवासी खाली पडले आणि चौघांना त्याच दिवशी प्राण गमवावे लागले. त्यांपैकी कोणी कागद आणायला निघाले होते, असे मी म्हणत नाही. पण त्या गर्दीत ज्यांना उभे राहावेच लागते, त्यांच्यात टाळता आले असते अशा प्रवासाची भर कशाला? एका माणसाचा एक दिवसाचा प्रवास टळला, तर दाराशी एका पावलाची जागा रिकामी होते. ज्या स्त्रीला घरी लहान मूल किंवा आजारी सासू आहे, तिच्या बाबतीत तर महिन्यातले हे दोन-चार ‘कागदाचे दिवस’ नोकरी टिकणार की सुटणार हेच ठरवतात. मुलाखतीत ‘घरून काम’ म्हणून सांगतात आणि मग कागदासाठी वेळी-अवेळी बोलावतात. अशा वेळी नोकरी सोडणाऱ्या बायका ‘घरच्या अडचणीमुळे’ सोडतात, असे नोंदले जाते.

कोणी म्हणेल, अहो, कागद हवाच कशाला? लोकलचे तिकीटसुद्धा आता मोबाइलवर दाखवता येते. हे बरोबर आहे, आणि जिथे कागदावाचून चालते तिथे तो नसलेलाच बरा. पण गोदामात, न्यायालयात, शाळेच्या प्रवेशाच्या रांगेत कागद अजून आहे. माझ्या आईसारख्या माणसांच्या मनातही तो आहे. पडद्यावर दिसलेल्या गोष्टीवर तिचा विश्वास बसत नाही. हातात आलेला कागद ती घडी करून कपाटात ठेवते, तेव्हा तिच्या लेखी ते काम झालेले असते. अशा माणसांना हसून हा प्रश्न सुटणार नाही.

शेवटी आपल्याविषयी थोडे. ‘आम्ही कला शाखेचे, आम्हाला यंत्राशी काय देणे-घेणे’ असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. पण पदवी घेऊन आपल्यापैकी बहुतेक जण अशाच कचेऱ्यांच्या दूरच्या पडद्यांपुढे बसणार आहेत. आणि आजच पाहा, परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, आधारची प्रत हे सगळे आपण कुठे छापतो? कोपऱ्यावरच्या दुकानात. तिथल्या संगणकावर आपला सांकेतिक शब्द तसाच राहतो, उतरवलेली प्रत तशीच राहते, आणि आपण दहा रुपये देऊन निघून येतो. सार्वजनिक संगणकावर आधारची प्रत उतरवू नये, उतरवलीच तर नंतर पुसून टाकावी, असा इशारा आधार प्राधिकरणाने २०२२ साली दिला होता. तो किती जणांनी वाचला? ज्या घरात आधी कोणी शिकलेले नाही, त्या घरात हे सांगणारे कोणी नसते. ते सांगण्याची जागा कॉलेज हीच आहे.

प्राध्यापक मंडळींना माझी नम्र विनंती आहे, की प्रथम वर्षाच्या मुलांसाठी एक तास यासाठी द्यावा. परक्या यंत्रावर काम झाल्यावर बाहेर कसे पडावे, उतरवलेली प्रत कशी पुसावी, प्रिंटरच्या रांगेत अडकलेले पान कसे काढून टाकावे, आणि दूरच्या संगणकावरून आपल्या प्रिंटरवर छापताना काय पाहावे, एवढेच शिकवावे. यासाठी प्रयोगशाळा नको, एक संगणक आणि एक प्रिंटर पुरे. विद्यापीठाची प्रश्नपत्रिका ज्या काळजीने आपण छापतो, त्या काळजीचा थोडा भाग विद्यार्थ्याच्या स्वतःच्या कागदाच्या वाट्याला आला तरी खूप झाले.

सुरक्षितता हवीच, याबद्दल वाद नाही. पण सुरक्षितता म्हणजे केवळ ‘नाही’ म्हणणे नव्हे. कोणाला, कोणता कागद, कोणत्या अटीवर द्यायचा, हे ठरवण्याचे कष्ट घेणे म्हणजे सुरक्षितता. आपल्या कचेऱ्यांनी डोंबिवलीच्या माणसाच्या हाती लाखो रुपयांचा हिशेब विश्वासाने दिला आहे. त्याच हिशेबाची चार पाने छापण्याइतका विश्वासही त्याच्यावर टाकावा, आणि त्या विश्वासाची राखण कशी करायची तेही त्याला शिकवावे. मागणे एवढेच आहे.